चढावर लुकलुकणारा पिवळा दिवा

प्रश्न : माझी गाडी २०१८ची आहे, चार सिलिंडरची पेट्रोल, कंपनीतूनच सीएनजी बसवलेली. रोज कासारवडवलीहून मीरा रोडला शाळेत शिकवायला जाते. हल्ली गायमुखचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी हिसके देते आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. पाय काढला की थांबतो. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही. गॅरेजमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून दिला, पण लगेच पुन्हा तेच. आता ते ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगताहेत. दादा, बदलू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सेन्सर इतक्यात बदलू नका.

आधी दिव्याचं बघू. तो नुसता पेटून राहिला आणि गाडी नीट चालत असली, तर जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकला तर समजायचं की इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाहीये, आणि तेही धूर साफ करणारा कन्व्हर्टर खराब होईल इतक्या वेळा. क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, सेन्सर इंजिनचा वेग सतत मोजत असतो. एक ठोका चुकला की वेग किंचित पडतो. साधारण २०० फेऱ्यांमध्ये असे ठोके मर्यादेबाहेर चुकले, की कॉम्प्युटर दिवा लुकलुकवतो. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारख्या धातूंचा थर असतो. ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला व्होल्टेज देणारी कॉइल यांच्या खर्चात भागणारं काम मग फार महागात जातं. म्हणून दिवा लुकलुकला की लगेच पाय सैल करा, डावीकडे या. तरीही थांबला नाही तर इंजिन बंद करून टोइंगवाल्याला बोलवा. सुक्या गवतावर मात्र गाडी उभी करू नका, खालचा कन्व्हर्टर त्या वेळी भयंकर तापलेला असतो.

चढावरच का होतं? पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त शिरते, दाब वाढतो, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग किंवा आतून तडकलेली कॉइल सपाटीवर निभावून नेते, घाटात उघडी पडते. गॅसला तर पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे सीएनजीच्या गाड्यांत ही तक्रार लवकर दिसते.

आता सेन्सर. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर पडतो. सेन्सर तो ऑक्सिजन मोजतो आणि इंधन कमी पडतंय असं कळवतो. म्हणजे तो आपलं काम चोख करत असतो, आणि कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर नाव मात्र त्याचंच येतं. मिसिंगचा कोड सोबत असेल तर आधी मिसिंगच काढायचं.

कोड पुसला याचं मला खरंच वाईट वाटतं. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, लोड किती होता, इंजिन किती तापलं होतं, ही सगळी नोंद कोडसोबत साठवलेली असते. पुसलं की तीही जाते. या वेळी स्कॅनर लावल्यावर आधी स्क्रीनचा फोटो काढा. पी०३०१ ते पी०३०४ यांतला शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरपुरता नसण्याची शक्यता जास्त. मग इंधनाचा दाब, गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर, कुठे हवा ओढणारा फाटका पाइप हे बघावं लागतं.

समजा पी०३०३ आला. तुमच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड आणि चावी बंद असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावायला सांगा. मग गाडी पुन्हा चढावर न्या, पण मेकॅनिक शेजारी स्कॅनर घेऊन बसलेला हवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, विषय संपला. तो तिसऱ्यावरच राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंधन फवारणारा इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, ते तपासायचं. यात एकही नवीन पार्ट आधी विकत घ्यावा लागत नाही, म्हणून ही पद्धत मला फार पटते. चालू इंजिनात कॉइल उपटून बघणारे असतात, त्यांना तसं करू देऊ नका. शॉक बसतो, आणि तेवढा वेळ कच्चं इंधन कन्व्हर्टरमध्येच जातं.

कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात ऑइल किंवा पाणी दिसतं का तेही बघून घ्या. ऑइल असेल तर वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलंय. पाणी बहुतेक वेळा इंजिन धुताना गेलेलं असतं. प्लगची फट पुस्तिकेतल्या मापाने तपासा.

एकदा तोच चढ पेट्रोलवरही चढून बघा. पेट्रोलवरही मिसिंग झालं तर गॅस किटच्या मागे लागू नका. पेट्रोलवर गाडी ठीक चालली, तर मात्र लगेच किटला दोष देण्याची घाई नको; कमजोर कॉइलही पेट्रोलवर निभावते. आधी अदलाबदल, मग किट. सेन्सर मागवून ठेवला असेल, तर तेवढा फोन आजच करून ऑर्डर थांबवा.