निवृत्तीनंतर लेखनाची आवड लागू शकते का? सुरुवात कशी करावी?

लागते. मला 58 व्या वर्षी लागली, तलाठ्याची नोकरी संपल्यावर. तुम्ही म्हणता, जन्मात अर्ज आणि हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही. मी तरी पंचनाम्यापलीकडे काय लिहिलं होतं?

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. 2018 मध्ये रिटायर झालो आणि दिवसभर घरात सूचना देत बसलो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा घरच्यांनीच मला एसटीत बसवून दिलं. येताना शंभर पानी वही आणली. पहिला लेख गावच्या नाल्यावर. सुरुवात अशी: 'पूर्वेस पांदण रस्ता, पश्चिमेस गावठाण.' बायको म्हणाली, "पंचायच्या सह्या राहिल्या न!"

मग 2014 ची गारपीट आठवली. तेव्हा 50 टक्क्यांवर नुकसान असलं तरच मदत बसायची. 33 टक्के पुढच्या वर्षी झालं. माणूस समोर उभा आणि आपण त्याच्या वावरात टक्का ठरवायचा, फार जिवावर यायचं. गारा पडल्या त्याच संध्याकाळी पाहणीला गेलो. हरभरा आडवा, गहू चिखलात. एका म्हातारीनं चहाला थांबवलं. ओसरीवर कोपरभर, म्हणजे परातभर गारा, त्यात हात घालून बसलेली तिची नात. म्हातारी म्हणाली, "भाऊ, हेही लिहून घ्या न कागदावर. माही नात आज पह्यल्यांदा बरफ पाहून हासली."

त्याला रकाना नव्हता. पाच वर्षांनी ते वहीत उतरलं, एका बैठकीत चार पानं.

तुम्हीही तुमच्या कामाच्या कागदात जे बसलं नाही, तिथून धरा. पहाटे लिहा, विजेची लाइन असते. मोबाइलवर बोलून टाइप करायच्या भानगडीत मी पडलो होतो, पण त्याला आपली वऱ्हाडी झेपत नाही. माणसांनाही कुठं झेपते! एका पेपरच्या पुरवणीनं तो लेख छापला आणि सगळीकडे 'वावर'चं 'शेत' करून टाकलं. आठ दिवस जेवण गेलं नाही. आता पाठवताना वर ठळक लिहितो, 'शब्द बदलू नयेत.'

छापलेला लेख म्हातारीला वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "कोपर नव्हतं ते. गंज होता."

वहीत दुरुस्त केलं.