नामिबियाला जरूर जा, पण सगळ्या एफडी मोडून नको

साताऱ्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न : वय 57, पती 59, घरी 82 वर्षांच्या सासूबाई. नामिबियात वाळवंटातली पायी सफारी करायची आहे, दोघांचा खर्च साडेसहा लाख. एफडी मोडू, कर्ज काढू, की निवृत्तीपर्यंत तीन वर्षं थांबू?

ताई, तीन वर्षं थांबू नका. नामिबरँडसारख्या राखीव क्षेत्रातली ही सहल जीपमध्ये बसून होत नाही. टेकाडं चढत, वाळू तुडवत चालावं लागतं, रात्री उघड्यावर खाटेवर झोपायचं, अंघोळीला बादलीभर गरम पाणी. सामान गाडीतून पुढे जातं, तरी चालणं आपलंच. पैसे साठवता येतात, गुडघे साठवता येत नाहीत.

पण यंदाही जाऊ नका. तुमचा घरखर्च महिना 60 हजार. सहा महिन्यांचे 3 लाख 60 हजार, शिवाय सासूबाईंच्या आजारपणासाठी दोनेक लाख. म्हणजे साडेपाच लाखांच्या एफडीला हातसुद्धा लावायचा नाही. अडीच लाखांची दुसरी एफडी डिसेंबरमध्ये मुदत संपून मोकळी होतेय, ती घ्या. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल. उरले चार लाख. मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा 25 हजारांचा हप्ता नुकताच संपलाय. तोच या मार्चपासून आवर्ती ठेवीत टाका. 16 हप्त्यांत, पुढच्या जूनपर्यंत चार लाख होतात, वर व्याज. मग ऑगस्टमध्ये निघा. तो तिकडचा कोरडा हिवाळा. दिवस चालायला बरे, पण रात्री कडाक्याची थंडी, म्हणून गरम कपड्यांचा खर्च आत्ताच धरा. पर्सनल लोन मात्र नकोच. निवृत्तीच्या उंबरठ्यावर फिरण्यासाठी हप्ता लावून घेणं मला पटत नाही.

दर कोणत्या चलनात सांगितलाय ते विचारा. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेला आहे, त्यामुळे दर त्यात असेल तर रँडचा भाव पाहायचा. अमेरिकी डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरल्याचा फटका बसतो, म्हणून पाच-दहा टक्के जास्तीचे ठेवा. उरलेले नामिबियन डॉलर तिथेच संपवा, बाहेर ते सहसा कुणी घेत नाही. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर ती टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करेल. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना करात वळता होतो. पण तोवर रक्कम अडकते, तीही हिशेबात धरा.

विम्यात काटकसर नको, हे कळकळीने सांगते. मोठं रुग्णालय गाठायला राजधानी विंडहुकला जावं लागतं, तेही कच्च्या रस्त्याने कित्येक तास. त्यामुळे रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, पायी सफारी वगळलेली नाही ना, हे लेखी घ्या. पतींचा रक्तदाब अर्जात लिहा. लपवलात तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

आगाऊ रक्कम भरण्याआधी रद्द केल्यास किती परत मिळते तेही वाचा. सासूबाईंची तब्येत ऐनवेळी बिघडली, तर तुम्हाला थांबावं लागेल. आणि आजपासून रोज तासभर दोघंही चाला, अजिंक्यतारा घरापाशीच आहे.