कोऱ्या चेकवर सही

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच उडाली. तू खजिनदार आहेस त्या मंडळाच्या अध्यक्षांनी वीस कोरे चेक पुढे ठेवले, "दर वेळी तुला कुठे शोधत बसू, सह्या करून ठेव" म्हणाले, आणि तू मला विचारतेस काका, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल का. वाटेल. वाटू दे. कोऱ्या चेकवर सही करायची नाही.

डब्लिनमध्ये राहून अकाउंटिंग शिकतेस आणि चार्ल्स हॉही माहीत नाही म्हणतेस, कमाल आहे तुमच्या कॉलेजची. १९७९ ते १९९२ या काळात तीनदा आयर्लंडचा टीशॉक, म्हणजे पंतप्रधान झालेला माणूस, आणि त्याआधी शिकलेला काय तर तुझंच, अकाउंटन्सी! जानेवारी १९८० मध्ये टीव्हीवर येऊन देशाला सांगत होता की आपण सगळे ऐपतीबाहेर जगतोय, आणि त्याच सुमारास त्याच्या स्वतःच्या डोक्यावर बँकेचं दहा लाख पौंडांच्या वर कर्ज. किन्सीलीला हवेली, घोडे, एक अख्खं बेट, पॅरिसचे शर्ट. पगारात बसतं का हे? पण विचारणार कोण.

नोव्हेंबर १९९१ मध्ये बेन डन नावाचा दुकानांचा मालक गोल्फ खेळून त्याच्या घरी गेला, हॉही जरा उतरलेला दिसला म्हणून खिशातून सत्तर-सत्तर हजार पौंडांचे तीन ड्राफ्ट काढून हातात ठेवले. "थँक यू, बिग फेला." संपलं. पुढे डनच्या घरातच भांडणं लागली आणि त्या धुण्यात हे पैसे वर आले. तोवर हॉही पायउतार झालेला, तोही वेगळ्याच भानगडीत, पत्रकारांचे फोन टॅप केल्याच्या.

मी १९९६ ला इथे आलो. जुलै ९७ मध्ये चौकशी आयोगासमोर त्याची साक्ष होती डब्लिन कॅसलला, लंच ब्रेकमध्ये मी बघायला गेलो होतो. लोक हुर्यो उडवत होते. आणि साक्षीत म्हणाला काय, तर माझे सगळे व्यवहार माझा मित्र डेस ट्रेनर बघायचा. ट्रेनर तोवर वारलेला. स्वतः अकाउंटन्ट असलेला माणूस म्हणतो माझा हिशोब दुसरा बघायचा!

आता तुझ्या कामाची गोष्ट. पक्षनेत्याला सरकारकडून पक्षाच्या कामासाठी भत्ता मिळायचा, त्या खात्याला दोन सह्या लागायच्या. एक हॉहीची आणि दुसरी बर्टी अहर्नची, जो पुढे स्वतः टीशॉक झाला. अहर्न कोऱ्या चेकवर आधीच सह्या करून द्यायचा, सोयीसाठी म्हणे. त्या पैशातून शर्टांची बिलं गेली. दुसऱ्या आयोगाने हे सगळं २००६ ला लिहून ठेवलं, हॉही गेला त्याच वर्षी. अहर्नने त्यातला पैसा खाल्ला असं कोणी म्हणत नाही. पण सही त्याची होती ना? दुसरी सही असते कशाला मग? म्हणून सांगतो, कोऱ्या चेकवर सही नाही. एका पण नाही.

मी एवढा का चिडतोय ते तुला कळलं असेल. गावाकडे मी एका पतपेढीचा खजिनदार होतो. चेअरमन वडिलांच्या वयाचे, घरी यायचे, आई चहा ठेवायची आणि चहा गार व्हायच्या आत मी अख्ख्या चेकबुकवर सह्या करून द्यायचो. पेन पण त्यांचंच. अडीच वर्षांनी पतपेढी बसली आणि एक भाजीवाल्या मावशी दारात आल्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन. ओरडल्या नाहीत. "तुम्ही सही केली होती ना भाऊ?" एवढंच. मी एक रुपया घेतला नाही गं. चौकशीतही तसंच निघालं. आणि एकतिसाव्या वर्षी वडिलांच्या मित्राला तोंडावर नाही कोण म्हणतं? त्या मावशींचे पैसे मी नंतर इथून पाठवले, सगळ्यांचे नाही जमले. तुझी काकू म्हणते ही गोष्ट तू दर वेळी "एक रुपया घेतला नाही"पाशीच आणतोस. आणतो. खरं आहे ते.

आणि हॉहीला नुसत्या शिव्या घालू नकोस. अर्थमंत्री असताना १९६७ ला म्हाताऱ्यांना फुकट बसप्रवास त्यानेच दिला, माझ्या पाकिटात आता तो पास आहे, रोज वापरतो. माणूस हुशार होता, कामाचा होता. म्हणून तर कोणी बिल मागितलं नाही.

अध्यक्षांना सांग, बिल दाखवा, नाव आणि रक्कम घाला, मग सही, अर्ध्या रात्री बोलावलं तरी येते. रागावले तर खजिनदारकी सोड, आकाश कोसळत नाही. आणि शनिवारी जेवायला ये. येताना ते चेकबुक घेऊन ये, मला एकेक पान बघायचंय.

काका