‘नुसती घरघर ऐकत बसते’

प्रश्न : मुलगी टी.वाय.बीएस्सी.ला आहे, विषय भौतिकशास्त्र. सूर-ताल नसलेलं ‘प्रायोगिक’ संगीत हेडफोन लावून तासन्‌तास ऐकते, लॅपटॉपवर त्याचे रंगीत आलेख काढते. आम्हाला ती नुसती घरघर वाटते. पुढे यातच शिकायचं म्हणते. यात करिअर आहे का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : ‘नादाचं विश्लेषण’ अशा नावाची नोकरी मुंबईत जाहिरातीत दिसणार नाही, हे आधीच सांगते. पण विषय पोरखेळ नाही. एकच सूर सनईवर आणि सरोदवर वाजला तरी वाद्य डोळे मिटून ओळखता येतं, ते नादाच्या जातीमुळे, म्हणजे त्या-त्या वाद्याच्या आवाजाच्या खास गुणामुळे. राग-ताल बाजूला ठेवणारे संगीतकार याच्यावर आणि नादांच्या दाट-विरळ पोतावर रचना उभी करतात. जेरार ग्रिसे या फ्रेंच संगीतकाराने १९७५ मध्ये ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या एका खर्जातल्या सुराचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) सुटे करून त्यांच्यावर आख्खी रचना बांधली. आणि तबला-मृदंगाचे उपस्वर सुरेल का लागतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहिलंय. म्हणजे भौतिकशास्त्र वाया जात नाही.

तिला एक विचारा : आलेखाला विंडो किती घेतलीस? विंडो म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा. ४४,१०० हर्ट्‌झच्या (सेकंदाला तितके नमुने) रेकॉर्डिंगवर ४०९६ नमुन्यांची घेतली तर जवळजवळचे उपस्वर वेगळे दिसतात, पण ९३ मिलिसेकंदांत घडलेलं सगळं एकत्र फासलं जातं. तबल्याच्या ‘ना’चा आघात पुसट होतो. १०२४ घेतली की आघात नेमका दिसतो, उपस्वर एकमेकांत मिसळतात. हे तिला समजावता आलं तर ती विश्लेषण करतेय. नाहीतर वॉलपेपर!

बीएस्सी पूर्ण होऊ द्या. सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि सिग्नल प्रोसेसिंग (ध्वनीसारख्या लहरींचं संगणकावर विश्लेषण) सुरू करू दे. असे आलेख काढणारं सॉनिक व्हिज्युअलायझर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तानपुऱ्याच्या घोडीवर सूत थोडंथोडं सरकवून जवारी (तारेचा झंकार) कशी बदलते ते रेकॉर्ड करावं, आलेख काढावेत, आणि कानाला काय जाणवलं ते पानभर लिहावं. पुढच्या प्रवेशाच्या अर्जासोबत असं काम जोडलं तर नुसत्या मार्कशीटपेक्षा जास्त बोलतं. पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी विभागात संगीताच्या ध्वनीवर संशोधन चालतं. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात याच विषयाचं मास्टर्स आहे, पण परदेशाचा खर्च बघता शिष्यवृत्तीची सोय आधी पाहा.

पोटापाण्याचं म्हणाल, तर ऑडिओ सॉफ्टवेअर आणि श्रवणयंत्रांच्या कंपन्यांत, अंधेरीच्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओंत हे कौशल्य उपयोगी पडतं. तूर्त कुठल्या खासगी साउंड इंजिनीअरिंग कोर्सची फी मात्र भरू नका. तिथे मुख्यतः रेकॉर्डिंग-मिक्सिंग शिकवतात, आणि तिला हवंय ते वेगळं आहे.