टाळ्यांसाठी मुद्दा गाळू नकोस

अगं, परवा महिला मंडळात तू पाळीतल्या शिवाशिवीवर बोलणार होतीस. पुढच्या रांगेतल्या आजींच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि तू थेट लोहाच्या गोळ्यांवर गेलीस. टाळ्या मिळाल्या, पण मागे बसलेल्या मुलींना हवं होतं ते राहूनच गेलं.

र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचा प्रचार सोडला नाही, म्हणून १९२५ मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. खटले झाले, तरी १९५३ पर्यंत, अगदी मरेपर्यंत ते चालवलं. तेवढं तुझ्याकडून कुणी मागत नाहीये. आजींशी आदरानेच बोल, त्यांचं पूर्ण ऐकून घे, पटलं तर मत बदलही. पण नुसत्या नाराजीला भिऊन नको. पुढच्या बैठकीत सुरुवातच त्या विषयाने कर. मी शेजारी बसेन.