मधलं शटल कुणाचं?

मागच्या वेळी सहज लिहिलं होतं की मी बॅडमिंटनमध्ये आयुष्यभर डबल्सच खेळलो, राज्य पातळीच्या पुढे काही गेलो नाही, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळी तेवढेच घेतो.

दादा, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. सिंगल्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला हरतो. सर म्हणतात आता डबल्सकडे वळवू या. म्हणजे त्यांनी हात टेकले असं समजायचं का? – एक आई, ठाणे

ताई, तुमची शंका चुकीची नाहीये, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, सिंगल्सला जमलं नाही की डबल्स. पण आपली सात्विक-चिराग ही डबल्सची जोडी बघा ना. चिराग शेट्टी आपल्या मुंबईचा, सात्विकसाईराज आंध्रातल्या अमलापुरमचा, आणि २०१६च्या सुमारास मलेशियाचे कोच तान किम हर यांनी या दोघांना एकत्र आणलं तेव्हा दोघंही उंच, दोघंही मागून स्मॅश मारणारे, म्हणजे खरं तर एका घरात दोन मोठे भाऊ. कुणीतरी नेटवर यायला पाहिजे, तर चिराग पुढचं शिकला. तोच चिराग २०२३ मध्ये सात्विकबरोबर जगात एक नंबरला होता. याला कुणी हात टेकणं म्हणेल का?

मुळात खेळच वेगळा आहे हो. सिंगल्सचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद, डबल्सचं ६.१०, पण सर्व्हिस मात्र मागच्या लाइनच्या ७६ सेंटिमीटर आतच पडायला हवी, म्हणजे सर्व्हिसचा चौकोन रुंद पण आखूड. म्हणून सिंगल्ससारखी उंच लांब सर्व्हिस इथे केली की समोरचा तिथल्या तिथे ठोकतो. एकदा मॅच बघताना शटलच्या मागे पळू नका, फक्त सर्व्हिस बघा. एक जण पिसं दोन बोटांत धरून बॅकहँडने अलगद ढकलणार, तेही मारताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच पाहिजे, आणि समोरचा लाइनला नाक लावून रॅकेट वर करून उभा, कधी वर येतंय आणि कधी मारतो असा. नेटच्या वर चार बोटं जास्त गेलं की पॉइंट गेला. आणि मग तिसरा शॉट, जो सर्व्हिस करणारा नाहीतर त्याचा पार्टनर घेतो, बऱ्याच रॅलीचा निकाल तिथेच लागलेला असतो, पुढचं नुसतं औपचारिक.

तेव्हा सरांना एकच विचारा, सर्व्हिस आणि रिसीव्हची वेगळी प्रॅक्टिस किती वेळ घेता? अर्धा तास वगैरे सांगितलं तर निर्धास्त पाठवा. आणि सिंगल्समध्ये हरलेली चार पोरं एका कोर्टवर सोडून सर बाहेर चहा पीत असतील तर मग तुमची शंका खरी.

माझ्या पार्टनरचं आणि माझं पटत नाही. ती चुकली की मला राग येतो, मी चुकले की ती तोंड फिरवते. पार्टनर बदलू का? – एक खेळाडू, वय १७, कोल्हापूर

अगं, आमचंच सांगतो. सातारला सेमीफायनल, तिसरी गेम, १९-१९, म्हणजे जिंकायला दोनच पॉइंट बाकी. शटल बरोबर दोघांच्या मधोमध आलं. मी पार्टनरकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, शटल टप्पकन खाली. पुढचा पॉइंट कसा गेला ते आठवतसुद्धा नाही. साताऱ्याहून पुण्यापर्यंत एसटीत शेजारी बसून एक शब्द बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ठरवलं की मधलं शटल ज्याचा फोरहँड असेल त्याचं. इतके महिने खेळून हे ठरवलंच नव्हतं!

म्हणजे आधी बघ की भांडण खरंच स्वभावाचं आहे की न ठरवलेल्या गोष्टींचं. बदलायचं तर बदल, पण एक लक्षात ठेव, रँकिंग जोडीचं असतं, तुझं एकटीचं नाही, नवीन पार्टनर म्हणजे नवीन खातं. आणि भारी अधिक भारी म्हणजे दुप्पट भारी असं होत नाही. २०२२ला बँकॉकमध्ये थॉमस कपची, म्हणजे पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेची, फायनल आठव. इंडोनेशियाने मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो यांना एकत्र उतरवलं, दोघंही दिग्गज, पण दोघांचेही नेहमीचे पार्टनर वेगळे. सात्विक-चिराग पहिली गेम १८-२१ हरले, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून २३-२१, तिसरी २१-१९. त्या दोघांतला कुठलाही एक जण आपल्यापेक्षा कमी नव्हता गं, पण १९-१९ला कुणी कुठे असणार हे न बघता कळायला वर्षं लागतात.

डबल्समध्ये पैसे अर्धे होतात म्हणतात, खरंय का? आणि पार्टनर जायबंदी झाला तर? – एक बाबा, नागपूर

अर्धे होतात, अगदी खरं. २०२३ची इंडोनेशिया ओपन घ्या, सुपर १००० म्हणजे वरच्या दर्जाची, एकूण बक्षीस साडेबारा लाख डॉलर. सिंगल्स जिंकणाऱ्याला ८७,५०० आणि सात्विक-चिरागला मिळून ९२,५००, म्हणजे माणशी ४६,२५०. एवढी मोठी स्पर्धा जिंकून. खालच्या स्पर्धांमध्ये पहिल्या-दुसऱ्या राउंडला बाहेर पडलात तर तिकीट, हॉटेल, गटिंग (रॅकेटला तारा बसवणं) सगळं खिशातूनच जातं. म्हणून मी सगळ्या पालकांना सांगतो की पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे इथली खेळाडू कोट्यातली नोकरी मिळत असेल तर नाक मुरडू नका, महिन्याचा पगार सुरू असला की १९-१९ला हात कमी थरथरतो.

दुखापतीचं मात्र उत्तर नाही, हा धोका धरूनच चालायचं. २०२५ची ऑल इंग्लंड स्पर्धा, चिरागची पाठ धरली आणि मॅच अर्ध्यात सोडावी लागली. सात्विक धडधाकट होता, पण काय करणार, एकट्याला थोडंच खेळता येतं.

आणि कधीकधी दोघंही ठणठणीत असून नशीब आडवं येतं. टोकियो ऑलिंपिकला सात्विक-चिरागनी ग्रुपमध्ये तीनपैकी दोन मॅच जिंकल्या, त्यातली एक ली यांग आणि वांग ची-लिन या तैवानच्या जोडीविरुद्ध, शेवटची गेम २७-२५. पण तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले, मग जिंकलेल्या-हरलेल्या गेम मोजल्या आणि आपले बाहेर. ज्यांना हरवलं त्या ली-वांगनी सुवर्णपदक नेलं. मला अजून पटत नाही ते, असो.

माझं वय २३. उशीर झालाय का? – एक वाचक, पणजी

शून्यापासून इंटरनॅशनल म्हणत असाल तर हो, उगाच गोड बोलत नाही. पण आत्ता राज्य पातळीवर असाल तर डबल्समध्ये वय जरा उशिरा आडवं येतं, अर्धं कोर्ट दुसरा सांभाळतो ना. इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान चाळिशीपर्यंत खेळला, २०२५ला निवृत्त झाला. पॅरिस ऑलिंपिकला आपली डबल्सची खेळाडू अश्विनी पोनप्पा ३४ वर्षांची होती आणि तिची पार्टनर तनिषा क्रास्टो, मूळची तुमच्या गोव्याचीच, २१ची. मोठ्या पार्टनरने डोकं चालवायचं, छोटीने पाय. तुम्ही आत्ता या दोन्हींच्या मधे आहात, तेव्हा आधी तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा एखादा पार्टनर बघा, आणि त्याला पहिल्याच दिवशी विचारा मधलं शटल कुणाचं.