ॲप नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: वय 61, इचलकरंजीच्या सूतगिरणीतून निवृत्त. हाताशी 15 लाख आहेत. 9 टक्के लाभांश देणारे शेअर घ्यायचे आहेत. ॲप कोणतं घेऊ: झिरोधा, ग्रो की अपस्टॉक्स? लाभांशातून बँकेतल्या नव्या ठेवीचा 2 लाखांचा वार्षिक हप्ता भरेन. ठेवीचं पाकीट तीन आठवड्यांपूर्वी आलं; पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.

उत्तर: ही ठेव नाही. फोटोत वरच विमा कंपनीचं नाव आहे आणि मधोमध ‘प्रीमियम भरण्याचा कालावधी: 10 वर्षे’ असं छापलंय. निवृत्त माणसाच्या गळ्यात बँकेत बसून 20 लाखांचे हप्ते मारले, हातात फक्त 15 लाख असताना. अशी पत्रं सतत येतात आणि दर वेळी चीड येते.

पण तुम्ही वेळेत आहात. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. तुमचा जेमतेम आठवडा उरलाय. ‘अटी मान्य नाहीत, पॉलिसी रद्द करावी’ असा लेखी अर्ज उद्याच विमा कंपनीच्या शाखेत द्या, शिक्क्यासह पोच घ्या, ईमेलही करा. पाकीट टाकू नका, त्यावर तारीख आहे. बँकेतला माणूस ‘साहेबांशी बोलतो, पुढच्या आठवड्यात या’ म्हणेल. अजिबात थांबू नका. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा.

आता लाभांश. तुमचेच 9 टक्के धरले तरी 15 लाखांवर 1 लाख 35 हजार होतात, हप्ता 2 लाखांचा. आणि 9 टक्के मिळणार नाहीत. निफ्टीतल्या 50 मोठ्या कंपन्यांचा लाभांश शेअरच्या भावाच्या सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास असतो. निवडून घेतलेत तरी 3 धरा, म्हणजे 45 हजार. ॲपवर दिसणारा आकडा मागच्या वर्षाचा असतो. 300 रुपयांच्या शेअरवर 9 रुपये नेहमीचा आणि 18 रुपये विशेष लाभांश दिला, की 9 टक्के दिसतात. पुढच्या वर्षी विशेष नसला की उरतात 3. शिवाय लाभांश तुमच्या उत्पन्नात धरून करपात्र.

ॲप तिघांपैकी कोणतंही चालेल. शेअर डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात राहतात, लाभांश कंपनी थेट बँक खात्यात जमा करते. वार्षिक शुल्क तेवढं बघा.

तुम्हाला नियमित पैसे हवेत, तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. सध्याच्या 8.2 टक्के दराने 15 लाखांवर दर तिमाहीला 30,750 रुपये. परत आलेले पैसे अडीअडचणीसाठी साध्या ठेवीत ठेवा; शेअरची हौस त्यानंतर, लाखाच्या आत.

आणि पॉलिसीसोबत बँकेने ऑटो डेबिटवर, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याच्या परवानगीवर सही घेतली असेलच. तेही लेखी बंद करून घ्या.